फीत धरणारा

फितीचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं पोंतियानाकहून आलेल्या हरतांतोंच्या.
मध्ये झाड.

रोजचे दीड लाख रुपिया, दुपारचा भात वेगळा.
घेर मोजायचा छातीच्या उंचीवर.
कुणाच्या छातीच्या, मी पहिल्याच दिवशी विचारलं.
एक मीटर तीस, ते म्हणाले, जगभर हीच छाती धरतात.
माझ्या आत्याच्या, इंदाई लंतिंगच्या, ती हनुवटीला लागते.
जगाने तिला विचारून थोडीच ठरवली.

झाडाला खिळा, खिळ्याला पत्रा, पत्र्यावर आकडा.
यंत्रात जात, घेर, अक्षांश, रेखांश.
शेवटी एक चौकोन : मालक.
त्यात एकच नाव मावतं, तेही आखूड असलं तर.

चारशे सतराव्या झाडापाशी मी अडलो.
हे दुरियनचं, नदीकडे थोडं कललेलं.
याला आम्ही ‘मुकीचं भांडण’ म्हणतो,
का, ते सांगायला अख्खी रात्र लागते.
पणजोबांच्या थोरल्या बहिणीने लावलेलं,
ज्या वर्षी लांबघर इथून उठून खालच्या वळणाला गेलं.
घर गेलं, खांब कुजले, झाडं राहिली.
आमचा उतारा असा उभाच असतो :
रानात फळझाडांची दाटी दिसली
की इथे कुणाची तरी चूल होती, असं समजायचं.

तर मालक?
एकवीस खोल्या, मी म्हणालो. शिवाय सीमेपलीकडे कामाला गेलेले तिघे.
शिवाय फळं पडायच्या रात्री जो वाटसरू झाडाखालच्या झोपडीत असेल तो,
त्या रात्रीपुरता.
हरतांतोंनी घाम पुसला. माणूस वाईट नाही.
त्यांनी लिहिलं : सरकार.
नंतर सुधारता येईल, म्हणाले.

सुधारणा कशी होते ते मला ठाऊक होतं.
मागच्या जूनमध्ये लांबघराच्या ओसरीवर सभा झाली.
कोंबडी-भाताचं पुडकं, पाण्याची बाटली, पडद्यावर हिरवा नकाशा.
जंगल जो श्वास आत ओढतं
तो विकत घेणारं कुणीतरी लांब आहे, असं सांगितलं.
विकलेला श्वास सोडायचा कुणी? बेलाजाने विचारलं.
लोक हसले.
मग हजेरीचा कागद फिरला. बासष्ट अंगठे.
शाईचं पॅड मीच धरलं होतं.
पुढे ऑफिसात करारनाम्याला टाचलेले पाहिले
तेच बासष्ट, बेलाजाचा तिरपा अंगठासुद्धा.
वरची ओळ तेवढी बदललेली,
‘हजर’च्या जागी ‘मान्य’.

मी गप्प बसलो.
दीड लाख रुपिया.

आता वरच्या उतारावर चौकी आहे.
नऊ वर्षं विसाव्याला ठेवलेलं आमचं शेत
नकाशात ‘सोडून दिलेली जमीन’ झालंय.
आत्या तिथे वेत तोडायला गेली,
तर पोरगेल्या पहारेकऱ्याने कोयता काढून घेतला
आणि पावती दिली.
तिला वाचता येत नाही.
तिने ती पावती नव्या टोपलीच्या बुडाशी विणून टाकली.

काल संध्याकाळी ती टोपली घेऊन
चारशे सतराखाली येऊन बसली. फळांचे दिवस.
पत्र्यावरून बोट फिरवलं, खिळ्याभोवतीचा चीक पुसला.
फीत आहे का?
आहे.
माझा घेर घे.

मी हसलो. ती नाही.
हात वर करून उभी राहिली, झाडासारखी नाही,
झडती घेताना माणसं राहतात तशी.
फितीची दोन्ही टोकं आता माझ्याच हातात.
शहाऐंशी सेंटीमीटर.
लिही, ती म्हणाली.

यंत्राने जात विचारली. मग अक्षांश, रेखांश.
मग तो चौकोन.

पलीकडे अंधारात पहिलं फळ धपकन पडलं.
ती बॅटरी घेऊन शोधायला गेली,
कुणाचं पडलं ते आवाजावरून ओळखत.
मी चौकोन उघडा ठेवून बसलो.
पडद्याचा उजेड थोडा वेळ तोंडावर होता,
मग तोही गेला.